डोणीतलं तांबडं पाणी

निजामाच्या राज्यात, फसली सन तेराशे पन्नासच्या उन्हाळ्यात, ताडकळसच्या सांबप्पा वाण्याच्या परसात रक्त सापडलं. निदान शेजारच्या नागुबाईनं तरी गावभर तसंच सांगितलं.

सांबप्पा मीठ विकायचा. समुद्राकाठचं खडेमीठ आगगाडीनं पिंगळी टेसनावर उतरायचं आणि तिथून बैलगाडीनं ताडकळसला यायचं. फाटक्या पोत्यांतून सांडलेलं मातकट मीठ त्याची बायको चन्नबसम्मा झाडून घ्यायची, परसातल्या दगडी डोणीत टाकायची आणि वर चार घागरी पाणी ओतायची. बाजाराला आलेले गाडीवान ते खारं पाणी कडब्यावर शिंपडायचे आणि बैल मिटक्या मारत खायचे.

त्या चैत्रात ऊन असं तापलं की डोणीतलं पाणी आटून काठाला मिठाची पापडी धरली. राहिलेलं पाणी आधी फिकट गुलाबी झालं आणि आठ-दहा दिवसांत चांगलं तांबडंलाल. चन्नबसम्माला पानाच्या पिंकेचा संशय आला. घरात पान खाणारा एकच होता.

"अवो, डोणीत थुकलात का?"

"न्हाई गं," सांबप्पानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "आन् एवढं थुकायला माझ्या तोंडात काय रहाट बसवलाय?"

हे बोलणं चालू असतानाच शेजारची नागुबाई वाटी घेऊन मीठ मागायला आली. तिची नजर डोणीवर गेली, वाटी हातातून पडली आणि ती किंचाळली.

"चन्नक्का! रगत!"

नागुबाईचं मन आधीच थाऱ्यावर नव्हतं. तिचा नवरा किशनराव दोन दिवसांपूर्वी काही न सांगता घरातून गेलेला. त्याच्या आदल्या दिवशी मिठात खडे जास्त की मीठ जास्त, यावरून त्याची आणि सांबप्पाची भर बाजारात जुंपली होती. आता लाल डोण बघून तिनं दोन्हीची सांगड घातली आणि रडत रस्त्यावर धावली.

घटकाभरात परस माणसांनी भरलं. पोलीस पाटील आबासाहेब डोक्याला रुमाल बांधून आले. अकरा वर्षांच्या पाटीलकीत त्यांच्या वाट्याला चुकलेल्या म्हशींपलीकडे गुन्हा आला नव्हता, त्यामुळं चेहरा गंभीर ठेवताना त्यांना त्रास पडत होता. कागद मांडीवर घेऊन ते उर्दूत पंचनामा लिहायला लागले. लिहिलेलं मोठ्यानं वाचायची त्यांना सवय होती.

"मौजे ताडकळस, सांबप्पा वाण्याच्या डोणीत खून मिळाला."

"खून झाला!" मागची माणसं ओरडली.

"आरं, उर्दूत खून म्हंजे रगत!"

"मंग रगत सांडल्याबिगर खून होतोय का, पाटील?" मागून कुणीतरी विचारलं. सांबप्पाला पुढचं सगळं दिसायला लागलं होतं: पोलीस ठाण्यातले अमीन साहेब, बेड्या, परभणीचा तुरुंग.

चन्नबसम्मा मात्र डोणीकडे टक लावून उभी होती. तिला भीती वाटत नव्हती असं नाही, पण भीतीपेक्षा राग मोठा होता. ज्या घरात अंड्याचं टरफल शिरलं नाही तिथं म्हणे रक्ताची डोण! रागाच्या भरात तिनं सरळ पाण्यात हात घातला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"पाटील, रगत हाय तर माशा कुठं हायत?"

आबासाहेबांनी वाकून पाहिलं. एकही माशी नव्हती. नाकाला रक्ताचा वास नाही, नुसता खारट दर्प.

हात धुवायला चन्नबसम्मानं रांजणातलं पाणी परातीत घेतलं आणि लाल झालेला तळवा त्यात बुडवला. रंग तिथल्या तिथं विरून गेला. ती थबकली. मग वाटीभर तांबडं पाणी काढून तिनं परातीत ओतलं. लाली क्षणभर दिसली आणि गोड्या पाण्यात कुठं गेली ते कळलंच नाही.

"आता बोला! रगत असं पळून जातंय का?"

लोक परातीभोवती दाटले. तेवढ्यात मागून कुणीतरी माणसं बाजूला सारत पुढं घुसलं.

"काय झालंय? कोण मेलंय?"

"तुमीच," आबासाहेब म्हणाले आणि मग त्यांनी मान वर करून पाहिलं.

समोर धुळीनं माखलेला किशनराव उभा होता. देवगाव फाट्याकडं एक खिलार खोंड विकायचं आहे असं कळल्याबरोबर तो तडक तिकडं निघाला होता. बायकोला सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणून सांगितलं नव्हतं. नागुबाई त्याला बघून आधी रडली, मग तिचा आवाज चढत गेला आणि शेवटी ती त्याला दंडाला धरून घरी घेऊन गेली. जिवंत सापडल्याचा आनंद किशनरावाच्या तोंडावर फारसा दिसत नव्हता.

आबासाहेबांनी पंचनाम्याचा कागद घडी करून खिशात घातला. त्यांची निराशा इतकी उघड होती की चन्नबसम्मानं त्यांना आत बसवून ताक दिलं.

खून मिटला, पण मीठ अडलं. रक्त नाही तर मग आहे काय, याचं उत्तर कुणापाशी नव्हतं. कुणी देवीचा कोप म्हणालं, कुणी विष म्हणालं, आणि गिऱ्हाईक दुकानावरून मान वळवून जायला लागलं. सांबप्पा म्हणाला, "डोण पालथी घालू आन् विषय संपवू." चन्नबसम्मा नाही म्हणाली. तिला झोपतानाही तेच डोळ्यासमोर यायचं. हात लावला की लाल, गोड्या पाण्यात गेलं की काहीच नाही. असा कुठला रंग असतो?

परभणीला सरकारी शेतीफार्मावर दिनकरराव म्हणून एक गृहस्थ कापसावरची कीड खुर्दबिनीतून बघतात, असं आबासाहेबांनी सांगितलं. बारीक वस्तू मोठी दाखवणारं ते यंत्र. चन्नबसम्मानं तांबड्या पाण्याची बाटली घट्ट बुचानं बंद केली, सांबप्पाला तयार केलं आणि दोघं बैलगाडीनं पिंगळीला येऊन आगगाडीत बसले. सबंध रस्ता सांबप्पा बाटलीपासून हातभर लांब बसला होता.

दिनकरराव हडकुळे, चष्मेवाले, बोलायला भुकेले गृहस्थ होते. त्यांनी काचेच्या पट्टीवर एक थेंब ठेवला, खुर्दबिनीला डोळा लावला आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"अहो, हे जिवंत आहे!" अखेर ते म्हणाले. "समुद्राकाठी मिठागरं अशी लाल होतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. परभणीत बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. या बाई, बघा."

चन्नबसम्मानं पदर सावरून डोळा लावला. आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग उजेडाच्या गोल चकतीत बारीक बारीक काड्या दिसल्या, बाजरीच्या कणाहूनही कितीतरी बारीक; काही निवांत पडलेल्या, काही वळवळत कुठंतरी निघालेल्या. बाजाराच्या दिवशीचं ताडकळस माळावरून बघावं तसं.

"हे आले कुठून?"

"तुमच्या मिठातूनच. मिठाच्या खड्यात अडकून पडतात, आणि पाणी मिळालं, ऊन मिळालं की जागे होऊन वाढतात. आपण मीठ लावून लोणचं टिकवतो, कारण एवढ्या खारात बाकीचे जीव तग धरत नाहीत. यांना मात्र तेवढा खार लागतोच."

"आन् गोडं पाणी?"

दिनकररावांनी काचेच्या कडेला साध्या पाण्याचा थेंब सोडला. चन्नबसम्मा बघत होती. काड्या फुगल्या, गोल झाल्या आणि एकेक करून नाहीशा झाल्या. चकती रिकामी पडली.

"मेले की हो!" ती डोळा काढून म्हणाली. परातीत ओतलेली वाटी तिला आठवली आणि तिचा चेहरा उतरला. "पाण्यानं मेले. ज्यानं सगळी जगतात त्यानं."

"विषारी हायत का ते इचार," सांबप्पानं दारातूनच सांगितलं.

"नाही हो. जेवणातलं मीठ मात्र कोरडं ठेवा, म्हणजे ते वाढणार नाहीत," दिनकरराव हसून म्हणाले. मग जरा संकोचत त्यांनी विचारलं, "ही बाटली ठेवून घेऊ का मी?"

चन्नबसम्मानं होकार दिला. निघताना तिनं बूच पुन्हा एकदा दाबून पाहिलं आणि साधं पाणी चुकूनसुद्धा आत जाऊ देऊ नका, असं त्यांना दोनदा बजावलं.

गावात परतल्यावर आबासाहेबांनी चावडीवर जाहीर केलं की सरकारी खुर्दबिनीनं मीठ निर्दोष ठरवलं आहे. सरकार म्हटल्यावर गिऱ्हाईक परत आलं. नागुबाईनं मीठ घेतलं आणि लगोलग परसात गेली.

"चन्नक्का, खरंच जितं हाय हे समदं?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलंय. वळवळ करायलेत, हिंडायलेत. लय दाटी हाय गं आत."

नागुबाई डोणीवर वाकली. मग तिनं हळूच विचारलं, "त्यांच्यात नवरे बायकांना सांगून जात्यात का गं?"

"ते न्हाई दिसलं," चन्नबसम्मा म्हणाली. "लांब जायला जागाच न्हाई त्यांना."

"बरंय बाई मग," नागुबाईनं सुस्कारा टाकला आणि मिठाची वाटी पदराखाली झाकून घेतली.