मायक्रोस्कोपला हात लावू नका

मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. नागपूरच्या एका मुलींच्या कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात कुलूपबंद पडलो आहे. मित्रांनो, माझी नजर जात चालली आहे. पूर्ण जायच्या आत सांगून टाकतो.

साठ-एकसष्टच्या सुमारास मी इथे आलो, तेव्हा काय कौतुक झालं माझं! विभागप्रमुख गोपाळराव सरांनी वर्षानुवर्षं खटपट करून मला मिळवलं होतं. दसऱ्याला ते स्वतः मला झेंडूची माळ घालत. पण त्यांचा माझ्यावर जीव एवढा, की मुलींनी माझ्याजवळ हात मागे बांधूनच यायचं. सर फोकस करून ठेवत, पोरी रांगेनं एकेक डोळा लावत. "दिसलं? सरका पुढे." दिसो न दिसो, सगळ्या "हो सर" म्हणत आणि फळ्यावरची आकृती उतरवून पास होत.

मग शामलाबाई आल्या. नव्या प्राध्यापिका, मोठ्या धडाडीच्या. माझ्या कपाटासमोरच प्राध्यापकांची बैठक भरली, तीत त्या म्हणाल्या, "जिला स्वतः काचपट्टी बनवून फोकस करता येईल, तिलाच पास करू. कुणाला एक दिवस लागेल, कुणाला महिना."

अरे बापरे, केवढा गदारोळ! "एकीसाठी बाकीच्या थांबतील काय?" "टाइमटेबलचं काय?" "आम्ही असेच शिकलो, प्राध्यापक झालोच ना!" गोपाळराव सर एवढंच म्हणाले, "बाई, हा फुटला तर दुसरा मिळायचा नाही." शेवटी एका तुकडीपुरती परवानगी मिळाली. अट एकच. मला इजा झाली, की हे सारं बंद.

काय दिवस होते ते! पहिल्यांदाच मला हात लागले. एकेक मुलगी शिकत गेली. राहिली फक्त कुही गावची मनकर्णा. तिला फोकस काही केल्या जमेना. एका दुपारी तिनं कांद्याचा पापुद्रा लावला आणि ओरडलीच, "बाई, दिसून राहिलं! भिंतीच्या इटावानी दिसून राहिलं!" आणखी स्पष्ट बघायच्या घाईत तिनं बारीक स्क्रूऐवजी मोठा फिरवला. माझं भिंग काचेवर आपटलं.

एक ओरखडा पडला हो, एवढाच! तो सोडून बाकी सगळं स्वच्छ दिसत होतं. पण सर धावत आले, त्यांनी मला छातीशी धरलं.

"मी मुद्दाम नाही केलं जी," मनकर्णा रडत होती.

"सर, उद्या तिला जमेल. एकच दिवस द्या," शामलाबाई हात जोडून म्हणाल्या.

सरांनी कुलूप लावलं. मी आत किती तडफडलो, पण ऐकतंय कोण? शामलाबाईही मग फळ्यावर आकृत्या काढू लागल्या. बंद कपाटात, ओलीत, माझ्या भिंगांवर बुरशी चढत गेली.

आता किल्ली मनकर्णेकडे आहे. हो, तीच मनकर्णा! चांगल्या गुणांनी पास झाली, इथेच शिकवते. परवा तिनं मला बाहेर काढून डोळा लावला. नुसतं धुकं. तरीही तिनं पोरींची रांग लावली.

"दिसलं? सरका पुढे."

"हो मॅडम."

एका पोरीनं स्क्रूकडे हात नेला, तशी ती किंचाळली, "हात नको लावू वं! बिघडते तो!"

मनकर्णे, तुझ्या ओरखड्यानं माझं काही बिघडलं नव्हतं गं. मला कुलपानं आंधळं केलं. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी कपाटात असेल, तर पाया पडतो, त्याला बाहेर काढा. पडू देत ओरखडे. त्या दुपारी त्या पोरीला विटा दिसल्या होत्या. तिला फक्त उद्याचा दिवस हवा होता.