आधी पेंड हुंगा

कोल्हापुरात म्हशी चौकातल्या दूधकट्ट्यावर आणतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात. पेला ओठाला लावताना दूध अजून कोमट असतं. बाळाबाई चाळीस वर्षं त्या कट्ट्यावर बसते. तिच्या दुधात पाणी असतं असं म्हणायची कुणाची छाती नाही.

या श्रावणात तिची चांदी म्हैस वैरणीला तोंड लावेना. दूध दोन लिटरनं आटलं. जनावरांची डॉक्टर संघप्रिया गोठ्यावर आली. तिनं म्हैस तपासली, मग कोपऱ्यातल्या शेंगपेंडीच्या पोत्यात हात घातला आणि मूठ नाकाशी नेली.

"आज्जी, पेंडीला बुरशी आलीय."

"आलती की. झाडली, उन्हात वाळवली. आन् माणसाला कुठं घातली? म्हशीलाच घातली न्हवं?"

"आणि म्हशीचं दूध कुणाला घालता?"

चांदीच्या पाठीवरून फिरणारा बाळाबाईचा हात थांबला. रोज शाळेआधी सात-आठ पोरं पेला घेऊन तिच्यासमोर उभी असत.

बुरशी झाडली तरी तिचं विष पेंडीत राहतं, संघप्रियानं सांगितलं. ते उन्हानं जात नाही, दूध उकळूनही जात नाही. दुधाचा नमुना घेऊन तिनं एक पुडी पुढं केली.

"हे यीस्ट. पाव फुगवतात त्याच्याच जातीचं, जिवंत. म्हशीच्या पोटात थोडंफार विष याला चिकटतं आणि शेणावाटे बाहेर पडतं. पचनही सुधारतं."

डोळ्यांना न दिसणारा जीव, आणि एवढ्या थोरल्या म्हशीची राखण करतो! बाळाबाईनं पुडी उजेडात धरून न्याहाळली.

"मग हीच पेंड ह्याच्यासंगं घालतो की. चार पोती हाईत अजून."

"नाही आज्जी. आपणच चोराला दार उघडून दिलं, तर राखणदार किती पुरा पडणार?"

दुपारी चारही पोती खड्ड्यात पुरली गेली. दुसऱ्या दिवशी निकाल आला: दुधात विष होतं.

ही गोष्ट दोघींनाच ठाऊक होती. आजारी आहे म्हणून बाळाबाई घरी बसू शकली असती. ती रोजच्या वेळी कट्ट्यावर गेली, म्हशीविना.

"बुरशीची पेंड मीच घातली म्हशीला," ती मोठ्यानं म्हणाली. "डॉक्टरीण व्हय म्हणंपतोर माझं दूध न्हाय."

"आज्जी, पाणी घालणारी गप बसत्यात," जुनं गिऱ्हाईक आकाराम म्हणाला, "आन् तू गावभर सांगत सुटलीस?"

"पोरं माझ्याकडं बघून पेला तोंडाला लावत्यात, बाबा."

रोजचं दूध ती ओतून देई. नवी पेंड मूठमूठ हुंगून, यीस्ट कालवून चांदीपुढं ठेवी. चांदी पाटी चाटूनपुसून खाऊ लागली. नवव्या दिवशी नमुना स्वच्छ आला.

दुसऱ्या सकाळी चांदी कट्ट्यावर उभी राहिली. पोरं होती, आकारामही होता. त्यानं पेला पुढं केला.

बाळाबाईनं आधी पदराची गाठ सोडली. आत मूठभर पेंड होती.

"हुंगा. मग प्या."

आकारामानं वाकून हुंगलं. त्याच्यामागं पोरांची रांग लागली, एकेक नाक पदराशी येऊ लागलं, आणि मग बाळाबाई धारेला बसली.