लोरेनबाईच्या उशा

बेलमाँटच्या बाजारात मासे विकणारी युलाली कुणाच्या बापाला भ्यायची नाही. भाव पाडून मागणाऱ्याला ती अशी सुनवायची की पुढच्या खेपेला तो पलीकडच्या कडेनं जायचा. भीती होती ती एकाच गोष्टीची, स्वतःच्याच अंगाची. वर्षभर गळ्यापासून घोट्यापर्यंत तंबूएवढा काळा झगा घालायची आणि वर सांगायची, "काळ्यावर खवले दिसत नाहीत." काय तर म्हणे कारण! खवले काळ्यावरच जास्त दिसतात.

कार्निव्हल आलं की मात्र बाईच बदलायची. जुन्या सोंगांच्या स्पर्धेत ती डेम लोरेन व्हायची. जुन्या काळच्या गोऱ्या मळेवाल्यांच्या नटव्या बायकांची टर उडवणारं हे सोंग: लांब झगा, हातात पंखा, तोंडावर मुखवटा आणि पुढे-मागे कोंबलेल्या भल्यामोठ्या उशा. युलाली कंबर अशी घुसळायची की अख्खा चौक हसून लोळायचा.

"अगं, कोण शिवतं तुझ्या उशा?" लोक ओरडायचे.

"शिंप्याचं नाव सांगणार नाही!" ती मुखवट्याआडून म्हणायची.

खरं सांगायचं तर युलालीनं आयुष्यात एक उशी बांधली नव्हती. ते सगळं तिचंच होतं. पण तसं कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून मुखवट्याआड तिला लाज वाटत नसे.

ठाऊक होतं ते फक्त भाची ओडेसाला. ओडेसा मण्यांच्या-पिसांच्या पोशाखात नाचणाऱ्या मोठ्या पथकात होती. तिथं पहिल्या रांगेत आजवर बारीक पोरीच नाचायच्या. यंदा तिनं भांडभांड भांडून मोठ्या मापाचा एक नारिंगी पोशाख करवून घेतला होता, आणि तो घालायला कुणी पुढे येत नव्हतं.

"मावशी, तूच घाल ना."

"पोट उघडं टाकून? भर रस्त्यात? डोकं फिरलंय का तुझं?"

"दर वर्षी नाचवतेस की!"

"ते लोरेनबाईचं पोट. माझं नव्हे," युलाली म्हणाली आणि तिनं विषय तोडला.

स्पर्धेच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. युलाली नाचली, लोक लोळले, आणि मुख्य परीक्षक ब्रेथवेट सरांनी कप उचलला. तेवढ्यात हॉलिस शिंपी मंचावर चढला. हाही डेम लोरेनच, पण काडीसारखा बारीक, आणि दर वर्षी दुसरा.

"सर, माझी हरकत आहे! महिनाभर मी काथ्या कोंबतोय, टाके घालतोय. आणि हिच्या आत काहीच नाही! उशी अशी थरथरते होय? आज शेजारी उभं राहून पाहिलंय मी!"

ब्रेथवेट सर घसा खाकरून म्हणाले, "नियम असा आहे की सोंग स्वतः बनवलेलं हवं. युलालीबाई, उशा आहेत ना? नुसतं हो म्हणा, आम्ही काही तपासणार नाही."

एक "हो" म्हटलं की कप घरी, आणि अंगही झाकलेलं. नाहीतर उद्यापासून सगळा बाजार आपल्याकडे बघणार. "हो" युलालीच्या अगदी ओठावर आला होता.

"बघा, बघा!" हॉलिस म्हणाला. "लाजली!"

इथं मात्र तिचं डोकं सटकलं. तिनं मुखवटा ओरबाडून काढला. घामानं थबथबलेला तिचा चेहरा चौकानं पाहिला.

"लाजू? मी? नाहीत उशा! पुढचं माझं, मागचंही माझं. आणि सर, स्वतः बनवलेलं हवं ना? मग हे काय शेजारणीनं बनवून दिलं? अठ्ठेचाळीस वर्षं लागलीत मला! तीन बाळंतपणं झालीत, आईच्या हातची चीज घातलेली मॅकरोनी खाल्लीये, पहाटेपासून माशांच्या पाट्या उचलल्यात. आणि हा महिनाभराचा काथ्या मिरवतोय!"

चौकात जो काय गदारोळ झाला! ब्रेथवेट सर रुमालात तोंड घालून हसले, पण माणूस नियमाचा, कप हॉलिसलाच दिला.

"ने, बाबा," युलाली म्हणाली. "झोपताना उशाशी ठेव."

खाली उतरताना तिच्या लक्षात आलं की लोक बघतायत आणि तिला काहीच होत नाहीये. उलट इतकं मोकळं तिला कधी वाटलं नव्हतं. ओडेसा धावत आली.

"तो नारिंगी आहे का गं अजून?" युलालीनं विचारलं.

"आहे, पण कमरेत घट्ट होईल."

मागून कुणीतरी खाकरलं. कप काखेत मारून हॉलिस ओशाळवाणा उभा होता. "मी सैल करून देतो ना कमरेत. उद्याच देतो."

"मापं नीट घे. एक इंचही चोरायचा नाही, सांगून ठेवते."

कार्निव्हलच्या मंगळवारी सव्हाना मैदानातल्या मोठ्या मंचावर पथक चढलं. पहिल्या रांगेच्या मधोमध नारिंगी पिसं लावून युलाली होती. पोटावर ऊन पडलेलं, तोंडावर मुखवटा नाही. ढोलावर तिनं कंबर घुसळली मात्र, गर्दीनं ती चाल ओळखली.

"अगं, कोण शिवतं तुझ्या उशा?" कुणीतरी ओरडलं आणि एकच हशा झाला.

युलाली थांबली. कमरेवर हात ठेवून सावकाश एक गिरकी घेतली, पुढचं-मागचं सगळं नीट दिसेल अशी.

"घरचं आहे सगळं!" ती ओरडली.