घणाची जागा

"लंगडी आहे गं आजी, ही कविता," नात म्हणाली. "वरच्या कडव्यातली प्रत्येक ओळ शेवटी दोन मात्रांनी तोकडी पडते."

"लंगडी असेल तुझी मास्तरीण!" म्हातारी कडाडली. "माझ्या नवऱ्याच्या हातून खिळासुद्धा कधी वाकडा निघाला नाही."

लोहारशाळेच्या दारावर आतून कोळशाने लिहिलेली ती कविता नात कॉलेजसाठी तपासत होती. वृत्त, यमक, दोष. आजोबा तरुणपणी बोटीवर कामाला होते, तेव्हा दूर उत्तरेच्या आभाळात त्यांनी नाचणारा हिरवा उजेड पाहिला होता. पुढे ऐरणीपाशी बसून त्यांनी तो शब्दांत ठोकला.

"वाच बघू."

*उत्तरेस रात पेटली,*
*हिरवी झळ नभी दाटली...*

ओळ संपली, की म्हातारीची मूठ मांडीवर पडत होती. धप्. दुसरी ओळ, पुन्हा धप्.

"तोकडी म्हणे! अगं, तो हातोडीने जागा दाखवायचा अन् ओळ म्हणायचा. ओळ संपली, की माझा घण. तुझ्या त्या दोन मात्रा म्हणजे मी. लिही तसं."

नात हसली. "म्हणजे तू वृत्तात आहेस!"

"मग काय, चुलीत असणार होते? पुढचं वाच."

पुढचं कडवं खाली, जरा तिरकं लिहिलेलं होतं. म्हातारीला अक्षर लागत नव्हतं. खांदा कायमचा गेला तेव्हा तिने घण ठेवला तो ठेवलाच. नवरा राबतोय अन् आपण बसून बघतोय, हे तिला जमणारं नव्हतं. ती इकडे फिरकलीच नाही. त्यानंतरच्या या ओळी. त्याने मरेपर्यंत म्हणून दाखवल्या नाहीत, हिने विचारल्या नाहीत.

*आता भाता निजला आहे,*
*आभाळ तरी जळते आहे...*

वर गेलेली मूठ वरच राहिली.

"पुन्हा वाच. सावकाश."

नातीने पुन्हा वाचलं. ओळ काठोकाठ भरलेली. मूठ पडायला कुठे जागाच नव्हती.

"इथे मात्रा पुऱ्या आहेत," नात हळूच म्हणाली. "पण यमक ढिलं आहे. आहे, आहे... दोष म्हणून लिहू?"

"लिही की. एकट्याने ठोकलं, की असंच होतं."

नात वही आवरून बाहेर गेली. म्हातारी दारापाशी आली. खालच्या ओळीपुढच्या कोऱ्या लाकडावर तिने मूठ टेकवली.

आपटली नाही.