नत्थू म्हणे

मित्रांनो, मी एक जुने बाड आहे. बाड म्हणजे पदांची, भजनांची हाताने लिहिलेली जाड वही. पण मला कोणी वही म्हटलेले खपत नाही. वही शाळेत जाते आणि वर्ष संपले की रद्दीत जाते. मी साठ वर्षे भिंतीतल्या देवळीत राहिले आहे, माझ्यापुढे उदबत्त्या जळल्या आहेत. एवढा तोरा मिरवायचा माझा हक्क आहे. आता दुसरी गोष्ट सांगते, ती तोऱ्याची नाही. माझ्यात तीन मेलेली माणसे राहतात. त्यांतल्या एकाचे नाव अजून वऱ्हाडभर घेतले जाते. उरलेल्या दोघींचे नाव कोणी घेत नाही, आणि मला स्वस्थ पडू देत नाहीत त्या दोघीच.

माझा जन्म अचलपूरचा. सरकारी कागदांवर तेव्हा एलिचपूर लिहीत. सापन नदीच्या काठी नत्थुजी नावाच्या माळ्याचा मळा होता. वांगी, मेथी, झेंडू, शेवंती असा हंगामाप्रमाणे माल निघे. नत्थुजींनी जाड हातकागद आणला, स्वतः शिवला आणि वर लाल खारव्याचे कापड चढवले. पहिल्या पानावर बोरूने 'श्री' काढला तेव्हा मला गुदगुल्या झाल्या होत्या.

नत्थुजी वाफ्यांना पाणी देता देता पदे रचत. शेवटच्या ओळीत 'नत्थू म्हणे' असे येई. नाव असे येई खरे, पण पदात नत्थू कुठेच नसे. देह म्हणजे मातीचे मडके, संसार म्हणजे चार दिवसांचा बाजार, असे जे सगळ्यांना लागू पडते तेच ते लिहीत. स्वतःचे रडगाणे पदात आणणे म्हणजे देवाच्या दारात आपली चूल मांडणे, असे ते शिष्यांना सांगत. शिष्य माना डोलावत. मलाही ते अगदी पटे.

एकदाच त्यांचा हात घसरला. पटकीच्या साथीत त्यांची बायको गोदाबाई गेली. दहावा उरकून ते माझ्यासमोर बसले आणि त्यांनी लिहिले, 'गोदा गेली आपुल्या गावा, रिकामी ही काया.' मग 'गोदा गेली' या शब्दांवर त्यांनी आडवी रेघ ओढली आणि वर लिहिले, 'जीव गेला'. पुढची ओळ नेहमीसारखी आली: 'नत्थू म्हणे उगा रडे, अवघी देवमाया.' ते पद फार गाजले. कोणाच्याही मयतीला तेच म्हणू लागले. पण त्या रेघेखालची शाई कधी वाळलीच नाही, असे मला वाटत राहिले. ते पान उघडले की माझी शिवण आखडे.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले त्याच साली, एकोणीसशे तीनला, नत्थुजी वारले. मूलबाळ नव्हते. मळा, भजनी मंडळ आणि मी, असे सगळे त्यांचे पट्टशिष्य शालिकराम यांच्याकडे आले. मंडळाचा नियम असा होता की पद कोणीही रचो, शेवटी 'नत्थू म्हणे' आलेच पाहिजे. गुरूच्या नावाखाली आपले नाव बुडवण्यातच शिष्याचे भले, असे ते मनापासून मानत. त्यामुळे मेलेला माणूस वर्षाला चार-पाच पदे रचू लागला. सहदेव नावाच्या शिष्याचे अक्षर बरे होते, तो ती माझ्यात उतरवी. त्याने 'नत्थू' लिहिले की दर वेळी माझे पान गार पडे. नत्थुजीबुवा अजून बोलतात, असे लोक म्हणत. ते कोणाच्या तोंडून बोलतात, हे मात्र कोणी विचारत नव्हते.

शालिकरामांना अक्षरओळख नव्हती. सगळी पदे तोंडपाठ असल्यामुळे मला उघडायची त्यांना गरजही नव्हती. ते मला हात जोडत, कपाळ टेकवत आणि पुन्हा देवळीत ठेवत. मित्रांनो, पूजा होते आणि वाचन होत नाही, ही काही सुखाची स्थिती नव्हे.

मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले ते एकाच माणसाने. ती वच्छला, शालिकरामांची थोरली सून. मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेली. दुपारी फुलांच्या माळा ओवून झाल्या की ती मला मांडीवर घेई. रेघेखालची 'गोदा' तिला दिसली तेव्हा तिने त्यावरून हळूच बोट फिरवले. कोणाला काही बोलली नाही. तिच्याजवळ तिची मुलगी कुंदा बसलेली असे. झेंडू तोडून पिवळे झालेले हात पोर आईच्या पदराला पुसायची. एकदा पदर सापडला नाही, तेव्हा तिने बोट माझ्याच पानावर टेकवले. मी तेव्हा मनात चिडलेही होते. तो पिवळा ठसा अजून आहे.

घरात नवे वारे आणले ते हेमचंद्राने. हा शालिकरामांचा धाकटा मुलगा, अमरावतीच्या कॉलेजात शिकणारा. सुट्टीत तो मासिके घेऊन येई आणि त्यातल्या नव्या कविता मोठ्याने वाचून दाखवी. त्या कवितांत शेवटी कोणी 'म्हणे' नसे. पहिल्याच ओळीत 'मी' येई आणि कवीचे नाव खाली वेगळे छापलेले असे.

"काय लिवते हे पोट्टे!" शालिकराम हसून म्हणाले. "मी, मी अन् मी! बकरी बी मेंमें करते, तिच्या गान्याले कोनी पद म्हनत नाई."

वच्छलाने मात्र हळूच विचारले, "भाऊजी, असं घरातलं लिवाले लाज नाई वाटत त्यायले?"

"लाज कायची, वैनी? ज्याचं दुखते त्यानंच सांगावं ना."

हेमचंद्र स्वतःही कविता करी. खरे सांगायचे तर त्याच्या कवितेत 'मी' सोळा वेळा येई आणि हेमचंद्र एकदाही येत नसे. कोण्या निर्दय सखीने त्याचे काळीज तोडल्याचे तो लिही. अशी सखी अचलपुरात तरी कोणी नव्हती. म्हणून मी शालिकरामांच्याच बाजूची होते. नवे ते सगळे थोतांड, असे मला वाटे.

मग एका वर्षी भादव्यात कुंदाला ताप आला. तिसऱ्या दिवशी ती गेली. सहा वर्षांची होती. तिची तसबीर काढलेली नव्हती, आणि इतक्या लहान मुलाचे श्राद्धही कोणी घालत नाही. घरात तिच्यामागे उरली ती एक अर्धी ओवलेली माळ. शालिकरामांनी सुनेजवळ बसून 'जीव गेला आपुल्या गावा' म्हटले. त्यांना वाटले, सुनेला धीर येईल. वच्छला भिंतीकडे बघत राहिली.

महिन्याभराने एका दुपारी तिने मला उघडले, अगदी शेवटच्या कोऱ्या पानावर. हातात हेमचंद्राची शिसपेन्सिल होती. तिने लिहिले:

अर्धी माळ सुईत माझ्या, दोरा तुझ्या हाती
कुंदा, कुठं गेलीस गं तू, ओली अजून माती
हात पिवळे झेंडूने गं, पदराला पुसले
धुवून धुवून विरला पदर, पिवळे नाही गेले
देव साऱ्या जगाचा गं, असेल, असू दे
लेक माझी एकटीची, मला रडू दे

खाली कोणाचेच नाव नव्हते. तोपर्यंत असे काही माझ्यावर कोणी लिहिले नव्हते. मी भ्याले. आणि खरे सांगते, मला रडू आले. कागदाला रडता येत नाही म्हणून बरे.

माळा ओवताना वच्छला ते गुणगुणू लागली. एकदा शालिकरामांनी ऐकले आणि दारातच थबकले.

"कोनतं पद म्हनून राहिली, सुनबाई?"

ती घाबरली. "बाडात हाये, मामाजी," एवढेच म्हणाली. ते खोटे नव्हते.

शालिकरामांनी सहदेवाला ते शोधायला सांगितले. सहदेवाला शेवटचे पान सापडले. त्याने ते दोनदा वाचले आणि मान हलवली. "बाडात हाये म्हंजे बुवाचंच," तो म्हणाला. "सुनबाईनं उतरून घेतलं अन् दुःखात लेकीचं नाव घातलं. बिचारी!" फाटके धोतर सांधावे तशा मायेने त्याने ते पद सांधले. समोरच्या पानावर काळ्या शाईने ठसठशीत लिहिले. 'कुंदा, कुठं गेलीस गं तू' याचे झाले 'हरी, कुठं गेलास रे तू'. पिवळ्या हातांची ओळ भजनात शोभत नाही म्हणून गाळली. आणि शेवट केला: 'देव साऱ्या जगाचा रे, तोच मला पुरे, नत्थू म्हणे हरीवाचून काही नाही उरे.' माझे पान गार पडले. मी ओरडायला हवे होते. पण बाडाला तोंड नसते, ज्याच्या हातात लेखणी तोच बोलतो.

पौषात नत्थुजींची पुण्यतिथी आली. मळ्यात समाधीपुढे मांडव घातला. वरुडची आणि नांदगाव खंडेश्वरची मंडळे बैलगाड्यांनी आली. मला पाटावर ठेवून फुले वाहिली. शालिकरामांनी नवे सापडलेले पद धरले. 'हरी, कुठं गेलास रे तू' ही ओळ आली आणि बायापुरुष डोळे पुसू लागले. वरुडचा एक जण ते भराभरा उतरवून घेत होता. टाळकऱ्यांत वच्छलाचा नवरा देवीदास होता. अर्धी माळ त्यानेही पाहिलेली होती. त्याचे टाळ थांबले.

बायांमधून वच्छला उठली.

"मामाजी, थे हरी नोय. कुंदा हाये."

शालिकराम म्हणाले, "सुनबाई, बस खाली. बुवाचं पद हाये थे."

"बुवाचं नाई, माह्यं हाये. बुवा गेले तवा मी बी जलमली नोती. त्यायले माह्यी कुंदा कोठून ठाऊक?"

सहदेव गडबडला. "अवं, बुवाचं नाव लागलं तुह्या पदाले! यापरीस मोठा मान कोनता?"

"मान बुवाले गेला, सहदेवभाऊ. लेक माह्यी गेली. एक नावच रायलं होतं तिचं, थे बी तुमी खोडलं." ती पुढे आली आणि तिने मला पाटावरून उचलले. इतक्या लोकांत कोण्या बाईने मला हात लावला नव्हता. "खोडायची रीत बुवाचीच हाये म्हना," असे म्हणत तिने नेमके ते पान काढले आणि हेमचंद्रापुढे धरले. "भाऊजी, रेघीखाली काय हाये थे वाचा. मोठ्यानं."

हेमचंद्राने वाकून बघितले. त्याने मोठ्याने वाचले, "'गोदा गेली आपुल्या गावा'."

शालिकरामांनी हात पुढे केला. बोट त्या रेघेवर ठेवले, जणू बोटाने वाचता येईल. "गोदामाय?" ते म्हणाले. "मी तिच्या हातची भाकर खाल्ली हाये, पोरहो. चाळीस वर्सं हे पद गावोगाव म्हनून राहिलो. थे तिच्या मयतीचं हाये, हे मले ठाऊक नाई!"

मग ते समाधीकडे वळले. त्यांनी ते जुने पद धरले आणि 'जीव गेला' न म्हणता 'गोदा गेली' म्हटले. मित्रांनो, तेव्हा माझी आखडलेली शिवण सैल झाली. पद संपल्यावर ते वच्छलाला म्हणाले, "आता तुह्यं तू म्हन." ती म्हणाली. 'कुंदा' या नावापाशी ती थांबली. तेव्हा बायांनी ती ओळ पुरी केली.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने कसरीच्या किड्यांच्या तोंडी गेले असते. पण वरुडचा कागद आधीच लिहून झाला होता. बाईचे, तेही लेकीच्या दुःखाचे गाणे भजनात कसे म्हणायचे, असे पाहुण्या मंडळांना वाटले. त्यांनी 'नत्थू म्हणे' तेवढे नेले. माझ्यातले सहदेवाचे पानही तसेच राहिले. चूक सगळ्यांना कळली होती, पण बुवांचे नाव खोडायला कोणाचा हात धजला नाही.

शालिकराम गेले. पाठोपाठ वच्छलाही गेली. हेमचंद्र अमरावतीत वकील झाला आणि चार वर्षांपूर्वी त्याने मला इथल्या एका वाचनालयात दिले. माझ्यावर चिठ्ठी आहे, 'नत्थुजीबुवांची पदे'. गेल्या आठवड्यात खिडकीखालून एक भजनी दिंडी गेली. 'हरी, कुठं गेलास रे तू,' ते गात होते, फार गोड गात होते. माझ्या शेवटच्या पानावर तेव्हा एक लहान बोट टेकल्यासारखे झाले. कपाट तर कुलूपबंद होते.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, कडुलिंबाचा पाला ठेवा, हे तर मी मागतेच. पण माझी खरी भीती वेगळी आहे. सहदेवाची शाई अजून ठणठणीत आहे. वच्छलाची शिसपेन्सिल मात्र दर पावसाळ्यात पुसट होत चालली आहे. एक दिवस माझ्यातही नत्थूच उरेल. म्हणून ते पद तुमच्या कानी पडले, तर 'हरी'च्या जागी 'कुंदा' म्हणा. हरीला राग येणार नाही, त्याला हजार नावे आहेत. तिला एकच होते.