बाणकोटला न्यायचं सामान

धाहरानच्या एका कॉलेजच्या कॅम्पसमध्ये जाफर परकार अकरा वर्षं स्टोअर सांभाळत होता, आणि माणूस कसा आहे हे तो त्याने परत केलेल्या वस्तूंवरून ओळखायचा. ऑगस्टात कुवेत पडल्यापासून कॅम्पस रिकामा होत चालला होता. इंग्रज प्रोफेसर चमचा न् चमचा परत देऊन गेला. गणिताच्या सरांनी पडदे नेले आणि दांड्या तेवढ्या जमा केल्या. कोण घाबरून पळतोय, कोण परत येणार, कोण येतो म्हणूनही येणार नाही, हे जाफरला पावती फाडतानाच कळायचं. अंदाज लागत नव्हता तो एकाच माणसाचा, आणि ते माणूस त्याच्याच घरात होतं.

बिलकिसचं विमान रविवारचं होतं. इराकला कुवेत सोडायला दिलेली मुदत त्यानंतर दोन दिवसांनी संपत होती. तिकीट हातात, पासपोर्टवर शिक्का, कफीलची म्हणजे नोकरीच्या जामीनदाराची सही, सगळं झालं होतं. बायको मात्र जागची हलत नव्हती. जाणार नाही असं ती म्हणायची नाही. "कशी जाऊ?" एवढंच म्हणायची.

तिचंही खोटं नव्हतं. बाणकोटात सौदीवरून माणूस उतरलं की अख्खा मोहल्ला दारात. माणसाची खुशाली नंतर, आधी बॅग. तिची सासू शरफुन्निसा माजघरात चटई टाकून बसायची आणि सगळ्यांदेखत बॅग उघडायची. याला कापड, त्याला अत्तर, म्हाताऱ्यांना बाम. एका वर्षी जाऊबाई हफीजाच्या वाट्याला नुसता साबण आला, तर तिने पुढच्या ईदपर्यंत सलामाला जबाब दिला नव्हता. आणि रिकाम्या हाताने उतरलेल्या बाईचे गाव दोनच अर्थ लावी: नवऱ्याने हाकलली, नाहीतर नवऱ्याची नोकरी गेली.

"अगं, लढाई तोंडावर आहे!" जाफर म्हणायचा.

"लढाई त्यांना रेडिओवर ऐकू येते. बॅग डोळ्यांना दिसते."

शेजारच्या खोबर शहराच्या बाजारात तो तिला दोनदा घेऊन गेला. निम्मी दुकानं बंद, उरलेल्यांत खिडक्या बंद करायच्या चिकटपट्ट्या, प्लास्टिक आणि पाण्याची पिंपं. दोन्ही वेळा ती रिकामी पिशवी घडी घालून परत आली. म्हणून गुरुवारी, कॅम्पसच्या हॉलमध्ये फिलिपिनो लोकांचा बाजार भरलाय म्हटल्यावर, जाफरने तिला जवळजवळ ओढतच नेलं. पाच महिने झोपेचं खोबरं झालेला तो माणूस; आज बॅग भरायची आणि प्रकरण खलास करायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

एरवी या बाजारात वीसेक टेबलं लागत. या वर्षी सहा होती. मधल्या टेबलामागे दवाखान्यातली नर्स नेनिता बसली होती. पन्नाशीची, बुटकी, डोळ्यांखाली काळं. जाफरचं ब्लडप्रेशर तीच बघायची आणि दर वेळी मान हलवायची.

जाफरने टेबलावरून नजर फिरवली आणि एक डाव उचलला. "हा बघ. काय सुबक काम आहे!"

बिलकिसने डाव उलटासुलटा केला. "करवंटीचा आहे."

"मग?"

"बाणकोटला करवंटीचा डाव नेऊ? सौदीवरून?"

जाफरने तो गुपचूप ठेवला आणि शिंपल्यांची माळ उचलली. तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याने माळही ठेवली. पुढे ताडाच्या पानांचे पंखे होते. त्यांच्या पलीकडे पिशवीत खारवलेली सुकी मासळी होती, आमच्या बांगड्याची चुलतबहीण म्हणावी अशी. वास तर थेट बंदरावरचा.

"हीपण घ्या ना," बिलकिस म्हणाली. "तुमच्या अम्मी खूश होतील. म्हणतील, लेक अकरा वर्षं अरबाकडे राबला आणि आम्हाला सुकट पाठवलं."

ती हसली. ऑगस्टपासून पहिल्यांदाच. जाफरलाही हसू आलं, पण दमल्या माणसाचं हसू ते, अर्ध्यात विरलं.

"काय शोधताय?" नेनिताने मोडक्या इंग्रजीत विचारलं. जाफरने तशाच मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की हिला घरी जायचंय, पण बॅग भरल्याशिवाय जात नाही.

त्याला वाटलं ही बाई हसेल. नेनिता हसली नाही. तिने बिलकिसला आपली खुर्ची दिली, ताटलीत वाफवलेल्या तांदळाचे दोन पांढरे गोळे ठेवले आणि म्हणाली, "आमच्याकडे पेटी असते. माझ्या छातीपर्यंत येईल एवढी. शेजारी, भाचे, चर्चवाले, सगळ्यांचं त्यात काहीतरी. ऑक्टोबरात माझं तिकीट होतं. पेटी अर्धी होती. म्हटलं, एक महिना थांबू." जाफर ते बिलकिसला सांगत गेला.

"मग?"

"पेटी भरली. तोवर दवाखान्याने नर्सेसच्या सुट्ट्या बंद केल्या. आता पेटीवर मी माझा टीव्ही ठेवलाय."

हे तिने इतक्या सपाटपणे सांगितलं, की जाफरला तिच्या मनाचा काही अंदाजच करता येईना. बिलकिसने एक गोळा तोडला, खाल्ला. सांदणासारखाच लागला असावा, कारण तिने दुसराही खाल्ला. मग तोंड पुसून तिने नवऱ्याकडे वळून विचारलं, "आणि तुमची पेटी किती भरायची राहिलीय?"

"माझी कसली पेटी?"

"दोन वर्षं अजून, मग हिशेब घेऊन येतो म्हणता ना! त्याआधी दोन वर्षं म्हणायचात. त्याआधी घराची कौलं."

कॅम्पसमधल्या प्रत्येकाचा स्वभाव ज्याला पाठ, त्या जाफरने पंखा उचलला आणि थंडीच्या दिवसांत वारा घेत बसला.

"मी रविवारी जाते," बिलकिस म्हणाली.

गेले तीन आठवडे जे ऐकण्यासाठी तो जीव टाकत होता, ते ऐकून त्याने पंखा खाली ठेवला. "आणि बॅग? लोक विचारतील."

"सांगेन, सामान तिथंच ठेवून आले. पाच फूट सात इंच. विमानात चढायला तयार नव्हतं."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही." ती उठली. "तुमचे चांगले शर्ट मी नेणार. सगळे. सासूबाईंना चटईवर मांडू देत. तुम्ही जुन्यावर दिवस काढा, आणि विटले की या."

"सगळे? अगं, ऑफिसला काय घालू?"

"ऑफिसात आता बघायला आहे कोण?"

नेनिताला भाषा कळली नाही, पण तिने काय कळायचं ते ताडलं. जाफरने किंमत विचारायच्या आत तिने ताटली उचलली आणि पैशांना हातानेच नको म्हटलं.

घरी येऊन बिलकिसने कपाट उघडलं. जाफर पलंगाच्या कडेला बसून एकेक शर्ट हँगरवरून काढून तिच्या हातात देत राहिला. आवडता निळा द्यायच्या आधी तो जरा थांबला. मग तोही दिला.