हसरी रिळं आधी झिजली

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर. जुना म्हणजे किती ते विचारू नका. माझ्या पोटातला दिवा बनवणारा कारखानासुद्धा केव्हाच बंद पडला. आता हा आपल्या बढाया मारत बसणार, असं तुम्हाला वाटेल. दोनचार मारीनही, म्हाताऱ्याला एवढी तरी सूट द्या. पण मला खरं तर एक कबुली द्यायची आहे.

मी कारखान्यात जन्मलो, पण शहाणा झालो स्टुडिओत. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लांबलचक खोली होती. खालची यंत्रं सुरू झाली की वर रंगाच्या बाटल्या किणकिणायच्या. तिथे हाताने चित्रं काढून सिनेमे बनत. एका सेकंदाच्या हालचालीला डझनभर चित्रं लागत, प्रत्येक चित्र फिल्मवर दोनदा टिपलेलं. मग सात मिनिटांच्या गोष्टीला किती, ते तुम्हीच गुणा. खिडकीकडे बसून चित्रकार रेघा काढत आणि भिंतीकडे बाराजणी पांढरे हातमोजे घालून पारदर्शक शीटवर मागच्या बाजूने रंग भरत. त्यातलीच एक रंगमावशी. तेव्हा ती जेमतेम विशीची, मावशी कसली! पण कुठल्या बाटलीत कुठली छटा आहे हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसे. म्हणून साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे तिला रंगमावशीच म्हणायचे.

काम पुरं झालं की रीळ माझ्यावर चढवत. महिनाभर कागदावर निपचित पडलेलं पात्र भिंतीवर पहिलं पाऊल टाकायचं आणि बाराजणी एकदम ओरडायच्या, "चाललं गं, चाललं!" तेव्हा मला वाटायचं, हे सगळं मीच केलं. फुकटचं श्रेय घ्यायला काय लागतं?

मग आमचे ऑपरेटर काका मला पेटीत घालून शाळाशाळांत आणि इस्पितळांत न्यायचे. मुलं काय मागणार? हसरं! रीळ संपलं की एकच गिल्ला व्हायचा, "पुन्हा लावा! पुन्हा लावा!" काका म्हणायचे, "अरे, मशीनला श्वास तर घेऊ द्या!" आणि लावायचे. रडक्या गोष्टी साहेबांच्या लाडक्या. त्यांना बक्षिसं मिळत, भाषणं होत, आणि एकदा दाखवून झाल्या की त्या परत डब्यात जात.

आता कबुली. माझ्या पोटात एक लोखंडी आकडा आहे. तो फिल्मच्या कडेच्या भोकात शिरतो, तिला एक चित्र खाली ओढतो, बाहेर येतो आणि पुन्हा शिरतो. एका सेकंदात चोवीस वेळा. दर खेपेला भोक केसभर झिजतं. हसरी रिळं मी पाचशे-पाचशे वेळा ओढली. त्यांच्या चिंध्या झाल्या, चिकटपट्ट्या लागल्या आणि शेवटी ती टोपलीत गेली. रडकी मात्र लख्ख राहिली. स्टुडिओ बंद पडला तेव्हा कपाटात नुसती रडकी रिळंच उरली होती. आनंदाची फिल्म न् फिल्म मी माझ्या दातांनी खाल्ली, मित्रांनो, आणि खाताना टाळ्या घेतल्या.

स्टुडिओ मोडला तेव्हा रंगमावशीने मला हातगाडीवर घालून घरी नेलं. एक रडकं रीळही सोबत आलं. तिथे मी कोपऱ्यात कापडाखाली पडून राहिलो. माझ्या डोक्यावर इस्त्री ठेवायचे, गरम नसली म्हणजे. वर्षं गेली. मावशीची मुलगी मोठी झाली आणि औषधांच्या दुकानात कामाला लागली. मापात वागणारी, शिस्तीची पोर. बाटलीवरची तारीख बघितल्याशिवाय घरात दूधसुद्धा घेणार नाही.

मग एके दिवशी मायलेकी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत आल्या. मावशीला काचबिंदू होता आणि तो फार उशिरा कळला होता.

"कडेकडेनं दिसेनासं होत जाईल म्हणाले," मुलगी पर्स खाली ठेवत म्हणाली. "गेलेलं परत येत नाही. पण थेंब नीट घातले तर वर्ष-दीड वर्ष निघेल."

मावशीने थेंबांची बाटली फळीवर ठेवली. मग म्हणाली, "मला एकदा आमच्यातलं काहीतरी हसरं बघायचंय. हाताने काढलेलं. दिसतंय तोवर."

मुलीने त्याच संध्याकाळी फोन काढला आणि शोधायला बसली. "हे बघ आई, ससा आहे. किती गोड!"

"कॉम्प्युटरचा आहे तो. रेघ बघ, इस्त्री केल्यासारखी. हाताची रेघ जराशी थरथरते गं."

अखेर हाताने काढलेलंही सापडलं. मावशी फोन नाकाशी धरून बघायची. "सुरेख काढलंय. पण गेला ना शेवटी म्हातारा? पुढचं लाव." पुढच्यात कुत्रा होता. तोही गेला. तिसऱ्यात एक बाहुली आगीत पडली तेव्हा मावशी वैतागून हसली. "कुणाला तरी पोचवल्याशिवाय चैनच पडत नाही का या लोकांना? आम्ही तर दर दोन महिन्यांनी एक हसरं काढत होतो. गेली कुठे सगळी?"

कुठे गेली ते मला माहीत होतं. इस्त्रीखाली मी मान आणखी खाली घातली.

मुलीने संग्रहालयांना, ग्रंथालयांना, जुन्या शाळांना पत्रं धाडली. उत्तरं यायची ती सारखीच: हसरी नाहीत, गंभीर विषयांची मात्र उत्तम स्थितीत आहेत. दरम्यान मावशीने माझ्यावरचं कापड काढलं, मला तेल दिलं, दिवा पुसला आणि घरातलं ते रडकं रीळ लावून मला भिंतीच्या इतकं जवळ आणलं की चित्र पोस्टकार्डाएवढं झालं. "एवढं अजून पूर्ण दिसतं," ती म्हणाली. एवढ्या वर्षांनी कुणीतरी मला हात लावला होता. लाज बाजूला ठेवून सांगतो, मी सुखावलो.

आणि मग त्या पत्रांची बातमी ऐकून डबेमास्तर आले. हे निवृत्त चित्रकला शिक्षक. फिल्मचे डबे गोळा करायचं त्यांना वेड. त्यांनी पिशवीतून एक गंजका डबा काढला. झाकण उघडताच आंबूस वास सुटला. मावशीने लेबल डोळ्यांजवळ नेलं आणि किंचाळलीच, "अगं बाई! बकरी!"

ती गोष्ट मलाही तोंडपाठ होती. एक बकरी पोस्टमनची लाल टोपी पळवते आणि पत्रं खाऊन टाकते. खाल्लेलं प्रत्येक पत्र तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडतं, तेही ज्याच्या त्याच्या दारात उभं राहून, मोठ्याने. त्यामुळे वर्षानुवर्षं अबोला धरलेले दोन भाऊ शेवटी एका ताटात जेवायला बसतात. टोपीचा लाल मावशीने केलेला. तसा लाल पुन्हा कुणाला जमला नाही.

"लाव," मावशी म्हणाली. दिवा पेटला होता. भिंतीवर पोस्टकार्डाएवढा उजेड पडला होता.

"ताई, थांबा," डबेमास्तरांनी डबा मागे घेतला. "फिल्म आकसलीये. भोकं आकड्याला जुळायची नाहीत. एकदा फाटली की संपलं, दुसरी कुठेच नाही. प्रयोगशाळेत देतो. दोन महिन्यांत स्वच्छ प्रत मिळेल, कायमची."

"फाटली तर फाटू दे. सात मिनिटं तर आहेत."

"आई, असं काय करतेस?" मुलगी म्हणाली. "शेवटचं रीळ आहे. डॉक्टर वर्षभर म्हणालेत ना? दोन महिन्यांनी काय बिघडतंय?"

मावशीने आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं बाई," ती म्हणाली. "तुझंच खरं." आणि तिने स्वतःच्या हाताने माझा दिवा मालवला.

दोन महिन्यांचे पाच झाले. डॉक्टरांचं वर्ष काही टिकलं नाही. मुलगी दुकानात गेली की मावशी भिंतीला हात लावत चालायची. दारापासून पलंगापर्यंतची पावलं तिने मोजून ठेवली होती. चहा ओतताना कपात बोट धरायची, भाजलं की तोंडात घालायची. पण संध्याकाळी लेक आली की हसून विचारायची, "आज दमलेली दिसतेस!" पोरीच्या जिवाला घोर नको, म्हणून हे सगळं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण रीळ नसताना माझा आवाज कोण ऐकणार?

एका रविवारी प्रत आली. बोटाएवढी वस्तू, तिला माझी गरजच नव्हती. मुलीने ती टीव्हीला लावली, आईला खुर्चीत बसवलं, खुर्ची पुढे ओढली. संगीत सुरू झालं आणि बकरी ओरडली. पण पडद्यावर नुसताच काळोख. आवाज आला होता, चित्र आलं नव्हतं. मुलगी वायरी हलवायला टीव्हीमागे वाकली.

"आली बघ, आली!" मावशीने टाळी वाजवली. "काय ऐटीत चालतेय! आणि टोपी बघ गं, तिरकी घातलीये. लाल अगदी जसाच्या तसा उतरलाय."

मुलगी हळूच उठली. तिने काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग आईच्या चेहऱ्याकडे. आई हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि नजर टीव्हीच्या बाजूच्या रिकाम्या भिंतीवर होती.

"दिसतंय ना तुला? की वायरीच हलवत बसलीस?"

मुलीने हातातली वायर खाली ठेवली. ती येऊन आईच्या पायाशी बसली.

"दिसतंय आई," ती म्हणाली. "सगळं दिसतंय."

शेवटपर्यंत दोघी त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिल्या. मावशी एकेक प्रसंग सांगत होती आणि मुलगी दर वेळी "हो" म्हणत होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असा उपदेश करून मी निरोप घ्यायला हवा होता. पण मी ते सांगणार नाही. मी शेकडो रिळं वापरून संपवली, त्याची मला लाज वाटायची. आता वाटत नाही. ती मुलं पोट धरून हसली होती. मला लाज वाटते ती त्या एका दिवसाची. दिवा पेटलेला होता, तिला दिसत होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते रीळ जपलं. तुमच्या घरात कुणी काही बघायला मागितलं, तर ते त्याच दिवशी लावा. फाटलं तर फाटू द्या.